गुरुत्वीय तरंगांचे अन्वेषण

प्रवेगित वस्तुमानांमुळे अवकाश-कालाच्या रचनेत निर्माण होणारा व प्रकाशाच्या वेगाने दूरवर पसरणारा विक्षोभ म्हणजे गुरुत्वीय तरंग होय. ॲल्बर्ट आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धांताच्या आधारे १९१६ मध्ये या तरंगांचे भाकित केले. खुद्द त्यांनीच १९३६ मध्ये असे तरंग असू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला व गणितातील दोष ध्यानात आल्यावर तो मागे घेतला. तरंग प्रत्यक्ष आढळले ते २०१५ मध्ये. मधल्या काळातील संशोधन मुख्यत्वे विद्यापीठांत झाले. त्यात भौतिकीइतकाच प्रकाशकी, निर्वात तंत्र, काचनिर्मिती, नियंत्रण अभियांत्रिकी व संगणकशास्त्र यांचा वाटा आहे.

प्रायोगिक अन्वेषणाचा आरंभ मेरिलंड विद्यापीठातील जोसेफ वेबर (१९१९–२०००) यांनी केला. ॲल्युमिनियमचे भरीव दंडगोल टांगून त्यांची सूक्ष्म कंपने दाबविद्युत् स्फटिकांच्या साहाय्याने नोंदविण्याची पद्धत त्यांनी योजिली आणि तरंग आढळल्याचे १९६९ मध्ये जाहीर केले. अनेक प्रयोगशाळांनी तसेच दंडगोल उभारले; परंतु एकीलाही दुजोरा देता आला नाही. वेबर अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले व एकाकी पडले. त्यांचा दावा टिकला नाही हे खरे. तथापि हे तरंग मोजता येतील, हा विश्वास प्रथम त्यांनीच निर्माण केला, याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळालेले नाही.

पुढील कल्पना वर्गातील अध्यापनातून पुढे आली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील रेनर वाइस (१९३२–२०२५) हे सापेक्षता सिद्धांत शिकवीत असताना विद्यार्थ्यांनी वेबर यांच्या प्रयोगाविषयी विचारले. तेव्हा मुक्तपणे तरंगणाऱ्या दोन वस्तूंमधील अंतर प्रकाशाने मोजण्याचे उदाहरण वाइस यांनी त्यांना सोडविण्यास दिले. याच उदाहरणाचा विस्तार त्यांनी १९७२ मध्ये संस्थेच्या एका प्रयोगशाळेच्या त्रैमासिक अहवालात केला. अंतर्गत अहवालांना शोधनिबंधाची प्रतिष्ठा सहसा नसते. परंतु भूकंपने, उष्णतेमुळे होणारी हालचाल, लेसरमधील चढउतार इ. गोंगाटाच्या बहुतेक उगमांचा हिशेब या अहवालात आधीच मांडलेला आढळतो. व्यतिकरणमापकाच्या उपयोगाची कल्पना सोव्हिएट रशियातील गर्ट्सेनश्टाइन व पुस्तोव्हॉइट यांनी १९६२ मध्ये सुचविली होती. मात्र तिच्यातील अडचणींचा इतका सखोल विचार त्यापूर्वी झाला नव्हता.

हल्स व टेलर यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या युग्म-पल्सारची कक्षा सिद्धांतानुसार आकुंचन पावते असे पुढे दिसून आले व तरंगांच्या अस्तित्वाविषयीची शंका बव्हंशी मिटली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे किप थॉर्न यांनी हा विषय उचलून धरला व ग्लासगो विद्यापीठातील कुशल प्रयोगकार रॉनल्ड ड्रेव्हर (१९३१–२०१७) यांना पाचारण केले. दोन्ही संस्थांचा ‘लायगो’ हा संयुक्त प्रकल्प १९८४ मध्ये सुरू झाला. लहान प्रयोगशाळेतील मुक्त पद्धत आणि मोठ्या प्रकल्पाची शिस्त यांचा संघर्ष येथे तीव्र झाला. लेसर स्थिर ठेवण्याच्या एका महत्त्वाच्या तंत्राचे सहजनक असलेले ड्रेव्हर यांना १९९२ मध्ये प्रकल्पातून दूर व्हावे लागले. इतक्या खर्चिक व अनिश्चित कामास अनेक खगोलशास्त्रज्ञांचाही विरोध होता. १९९४ मध्ये बॅरी बॅरिश प्रकल्पाचे प्रमुख अन्वेषक झाल्यावर कामाची नव्याने बांधणी झाली व हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे सुमारे ३,००० किमी. अंतरावर दोन अभिज्ञातक उभे राहिले.

प्रत्येक अभिज्ञातकाला परस्परांशी काटकोनात असलेल्या ४ किमी. लांबीच्या दोन भुजा आहेत. त्यांतील निर्वात नळ्यांतून लेसर किरण आरशांकडे जाऊन परत येतात. तरंगामुळे भुजांच्या लांबीत पडणारा फरक व्यतिकरणावरून कळतो. हा फरक प्रोटॉनाच्या व्यासाच्या शतांशाहूनही कमी असतो. सु. ४० किग्रॅ. वजनाचे आरसे ग्लासगो येथे विकसित झालेल्या तंत्राने सिलिकेच्या बारीक तंतूंनी टांगलेले आहेत. २००२ ते २०१० या काळातील निरीक्षणांत काहीही हाती लागले नाही. सुधारित उपकरणाने मात्र १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला तरंग टिपला. सूर्याच्या सु. ३६ व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकरूप होऊन तो निर्माण झाला होता. दोन्ही ठिकाणच्या नोंदींत सु. ७ मिलिसेकंदांचे अंतर होते. वाइस, बॅरिश व थॉर्न यांना २०१७ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये निवर्तले होते.

या कार्यात भारतीयांचा वाटा मुख्यतः सैद्धांतिक आहे. धक्का बसलेले कृष्णविवर ठराविक कंप्रतेने कंप पावत शांत होते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा (१९३८–२०१७) यांनी १९७० मध्ये दाखविले. जयंत नारळीकर संस्थापक-संचालक असलेल्या पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रातील (आयुका) संजीव धुरंधर यांनी सत्यप्रकाश यांच्यासह अपेक्षित तरंगांचे गणिती साचे नोंदींशी पडताळून पाहण्याची पद्धत १९९१ च्या सुमारास विकसित केली. २०१५ चा तरंग प्रथम साच्यांवाचून शोध घेणाऱ्या आज्ञावलीने हेरला. तथापि त्याची विश्वासार्हता ठरविण्यात साच्यांशी केलेली तुलना महत्त्वाची ठरली.

दोनच अभिज्ञातकांवरून तरंगाची दिशा नेमकी ठरत नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून आलेल्या तरंगाचे स्थान इटलीतील ‘व्हर्गो’ या तिसऱ्या अभिज्ञातकामुळे सु. २८ चौरस अंशांपर्यंत मर्यादित करता आले व काही तासांतच दुर्बिणींना त्याचा प्रकाश सापडला. याच कारणास्तव या दोहोंपासून दूर, हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे लायगोचा भारतीय अभिज्ञातक उभारण्यास केंद्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये सु. २,६०० कोटी रु. खर्चाची मंजुरी दिली.