फूल की दोन पानं? गोव्याच्या जनमत कौलाबद्दल थोडं सविस्तर

दर वर्षी १६ जानेवारीला गोव्यातली मित्रमंडळी 'अस्मिताय दीस' साजरा करतात आणि आपल्याकडचं कुणीतरी हमखास म्हणतं, "पोर्तुगीजधार्जिण्या लोकांनी गोवा महाराष्ट्रात येऊ दिला नाही." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. बरीच वर्षं मलाही ते खरं वाटायचं. पण आकडे बघितले की ते टिकत नाही.

१६ जानेवारी १९६७ ला गोव्यातल्या मतदाराला एकच प्रश्न होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं? विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. (दमण-दीवमध्ये हाच प्रश्न गुजरातबद्दल होता.) साधारण ८२ टक्के मतदान झालं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ चा.

आता साधी बेरीज करा. गोव्यात तेव्हा हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास, ख्रिस्ती चाळीसच्या आत. एकूण एक ख्रिस्ती मत दोन पानांवर पडलं असं धरलं तरी कौल तिकडे जात नाही. म्हणजे हजारो हिंदूंनी दोन पानं निवडली. आणि या लोकांच्या घरात वर्तमानपत्र मराठी, कीर्तन मराठी, आरती मराठी! मग त्यांनी असं का केलं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. गोवा एका घासात पोर्तुगीजांकडे गेला नाही. तिसवाडी १५१० ला, बार्देश आणि सासष्टी १५४३ ला. या जुन्या काबिजादी. धर्मांतरं झाली, देवळं पाडली गेली ती मुख्यतः इथे. मंगेशी, शांतादुर्गा हे देव नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला गेले ते याच काळात. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा वगैरे नव्या काबिजादी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात घेतल्या. तोवर पोर्तुगीजांचा जोर ओसरला होता, त्यामुळे तिथलं देऊळ आणि तिथली मराठी शाबूत राहिली. कोंकणीवर मात्र १६८४ मध्ये चक्क हुकूम काढून बंदी घातली होती. ती घराघरांत बोलली गेली, पण तिला प्रतिष्ठा कुणी दिली नाही. हिंदू मराठीत लिहायचा, शिकलेला ख्रिस्ती पोर्तुगीजमध्ये.

'पोर्तुगीजधार्जिणे' म्हणताना आपण आणखी एक गोष्ट विसरतो. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध राष्ट्रवादाची मांडणी करणाऱ्या पहिल्या फळीत ख्रिस्ती गोवेकर होते. १९३० मध्ये सालाझारने वसाहत कायदा आणला तेव्हा गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला लुईस द मेनेझिस ब्रागांझा यांनी. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती काढली चांदरच्या त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांनी. गोवेकराला स्वतःच्या भारतीयपणाची लाज वाटायला लावली जाते, हे त्यांनी १९४४ मध्ये पुस्तिका लिहून सांगितलं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभा घेतली, ती ज्युलियांव मिनेझिस यांच्या सोबतीने. पुढे कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. १९५८ मध्ये ते मुंबईत गेले. मुक्त गोवा त्यांनी पाहिलाच नाही.

सालाझारची चलाखी बघा. १९५१ मध्ये त्याने वसाहतींचं नाव बदलून 'सागरापलीकडचे प्रांत' केलं. वसाहतच नाही म्हटल्यावर स्वातंत्र्य कुणाला द्यायचं! शेवटी १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय लष्कराने तो प्रश्न मिटवला.

आपण भारतीय, हे त्या दिवशी पक्कं झालं. पण भारतीय म्हणजे नेमके कोण? महाराष्ट्रीय की गोंयकार? हा प्रश्न लष्कर सोडवू शकत नव्हतं. संयुक्त महाराष्ट्र होऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झालं होतं, आणि बेळगाव गेल्याची सल ताजी होती. आपल्या नेत्यांना गोवा आलाच असं वाटत होतं. १९६३ च्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विलीनीकरणाच्या मुद्द्यावर जिंकला, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले, त्यामुळे तर खात्रीच पटली.

इथे आपली चूक झाली. मगोच्या मागे उभा राहिलेला बहुजन समाज केवळ भाषेसाठी उभा नव्हता. त्याच्या डोक्यावर भाटकार होता. ज्याच्या जमिनीत घर त्याच्यापुढे मान खाली, ही मुंडकाराची पिढ्यान् पिढ्यांची स्थिती. महाराष्ट्रात गेलो तर भाटकाराच्या हातून सुटू, ही त्याची आशा होती. बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, १९६४ मध्ये कूळ कायदा आला. त्या माणसासाठी मराठी म्हणजे पहिल्यांदा हातात आलेली पाटी. कोंकणीवादी मित्र हे लवकर विसरतात, हेही इथेच नोंदवतो.

पण दुसऱ्या बाजूला मुक्तीनंतर बाहेरच्या राज्यांतून डेप्युटेशनवर आलेले अधिकारी होते. पोर्तुगीज साहेब गेला नि हा आला, असं लोक म्हणायला लागले. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता, मग माडावर चढणाऱ्या रेंदेराने काय करायचं? आणि मुंबईच्या नकाशात गोवा कुठे असणार? रत्नागिरीच्या खाली एक जिल्हा! रत्नागिरीची तेव्हाची अवस्था गोवेकर डोळ्यांनी बघत होता. हा मुद्दा आपल्याला झोंबतो, पण त्यात खोटं काय होतं?

डॉ. जॅक डी सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने आग्रह धरला की हा निर्णय विधानसभेचा नाही, लोकांचा आहे. दिल्लीने ते मान्य केलं. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. (आज असं कोण करेल?)

सगळ्यात मोठी गंमत पुढे आहे. हिंदू घराघरांत विलीनीकरणाविरुद्धचा युक्तिवाद पोचवला तो मडगावच्या 'राष्ट्रमत' या मराठी दैनिकाने. संपादक चंद्रकांत केणी, आणि त्यात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. जोडीला उल्हास बुयांव यांची कोंकणी गाणी गावोगाव फिरत होती. म्हणजे महाराष्ट्रात जायचं नाही, हे गोव्याने मराठीतच वाचलं आणि कोंकणीत गायलं.

पेडणे, डिचोली, सत्तरीकडे फूल चाललं, सासष्टीत दोन पानं. नव्या-जुन्या काबिजादींची रेघ मतपेटीत उमटली खरी, पण निकाल लागला तो ती रेघ ओलांडणाऱ्यांमुळे.

आणि मग त्याच वर्षी, काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या याच गोव्याने मुख्यमंत्री कुणाला केलं? भाऊसाहेब बांदोडकरांना! १९७३ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर राहिले. मतदाराने दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं दिली होती. आपण मात्र एकाच उत्तरावर अजून चिडून बसलोय.

भाषेचं भांडण तेवढ्याने मिटलं नाही. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र भाषा मानलं. पुढे आंदोलनं झाली, माणसं मेली. फेब्रुवारी १९८७ च्या कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची सोय ठेवली गेली. ३० मे १९८७ ला गोवा घटकराज्य झालं. मराठीलाही राजभाषेचा दर्जा हवा, अशी मागणी गोव्यात आजही होते. ती करणारे गोवेकरच आहेत, आणि त्यांतल्या कुणालाही महाराष्ट्रात यायचं नाहीये.