राज्यपाल परप्रांतातूनच का येतो?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तेव्हा राजभवनात श्रीप्रकाश होते, बनारसचे. त्यांच्यामागून मद्रासकडचे सुब्बरायन आले, मग विजयालक्ष्मी पंडित, मग चेरियन. ही यादी पुढे कितीही वाचत न्या. हंगामी कारभार पाहणारे सोडले, तर मराठी नाव सापडत नाही. घटनेत मात्र असा नियम कुठेच नाही. कलम १५७ फक्त दोन गोष्टी मागते : भारताचे नागरिकत्व आणि पूर्ण झालेली पस्तिशी. बाकी सारा रिवाज.

गंमत म्हणजे हा रिवाज जन्मालाच येऊ नये, असे आधी घाटत होते. जुलै १९४७ मध्ये सरदार पटेलांच्या समितीने प्रांतांसाठी जो आराखडा मांडला, त्यात राज्यपाल थेट जनतेने प्रौढ मतदानाने निवडायचा होता. घटना समितीने ते मान्यही केले. १९४८ च्या मसुद्यात दुसरा पर्याय जोडला गेला : विधिमंडळाने चार नावे निवडावीत आणि त्यांतले एक राष्ट्रपतींनी नेमावे. यांतले काहीही टिकले असते, तर राज्यपाल बहुधा इथलाच कोणी झाला असता. मते मागायला बनारसहून साताऱ्याला कोण येणार?

मे १९४९ च्या अखेरीस वारे फिरले. फाळणीचा धक्का ताजा होता आणि प्रांतोप्रांती सत्तेचे दुसरे केंद्र उभे करायची कोणाची तयारी नव्हती. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल म्हणजे एका वाड्यात दोन कारभारी. ब्रजेश्वर प्रसाद यांनी दुरुस्ती मांडली की राज्यपाल राष्ट्रपतींनी नेमावा. नेहरूंनी तिला पाठिंबा देताना स्थानिक गटबाजीत न गुंतलेला, बाहेरचा माणूस बरा, असा मुद्दा मांडला. आपल्या रिवाजाचे मूळ या भाषणात आहे. त्याच चर्चेत मुंबईचे बाळासाहेब खेर यांनी बजावले होते की अधिकार कितीही थोडे असले, तरी चांगला राज्यपाल पुष्कळ भले करील आणि वाईट राज्यपाल पुष्कळ उपद्व्याप. खेरांचे हे म्हणणे मला सगळ्या चर्चेत सर्वांत पटते.

अर्थात पायंडा आधीच पडू लागला होता. कंपनीच्या काळापासून मुंबईचा गव्हर्नर विलायतेहून यायचा. जानेवारी १९४८ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर आले ते कपूरथळ्याच्या राजघराण्यातले राजा महाराज सिंह. (याच गृहस्थांनी १९५० साली, बहात्तराव्या वर्षी, ब्रेबॉर्नवर प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. राजभवनातला हा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.) त्याच महिन्यात आपले लोकनायक बापूजी अणे बिहारचे राज्यपाल झाले. पुढे काकासाहेब गाडगीळ पंजाबात गेले. बंगालात हरेंद्रकुमार मुखर्जींसारखा घरचाच राज्यपाल क्वचित दिसला, पण तो अपवाद. १९८८ च्या सरकारिया आयोगाच्या अहवालानेही राज्यपाल बाहेरचा असावा, असेच सांगितले.

दुखणे वेगळ्याच ठिकाणी राहिले. स्थानिक गटबाजीपासून दूर ठेवलेला माणूस दिल्लीच्या गटबाजीपासून कोण दूर ठेवणार? कलम १५६ नुसार तो राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत पदावर राहतो आणि ती मर्जी व्यवहारात केंद्र सरकारची असते. १९८० साली तमिळनाडूच्या प्रभुदास पटवारींना काढून टाकण्यात आले. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारने तर सरसकट साऱ्याच राज्यपालांचे राजीनामे मागितले. मनमानी करून राज्यपाल हटवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली सांगावे लागले. पद सोय म्हणूनही वापरले गेले. १९८५ साली मुख्यमंत्रिपदावरून उतरलेले वसंतदादा त्याच वर्षी राजस्थानच्या राजभवनात पोचले आणि १९८७ साली ते सोडून परतले.

तरी बाहेरचेपणाचा खरा उपयोग एका ठिकाणी झाला, असे माझे मत आहे. कलम ३७१(२) मुळे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यात विकासनिधीची न्याय्य वाटणी करण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर येऊ शकते. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे झाली आणि ही जबाबदारी आली. तेव्हा राजभवनात केरळचे पी. सी. अलेक्झांडर होते. सिंचनाच्या अनुशेषावर त्यांनी सरकारला निर्देश दिले. ज्याचा कोणत्याही विभागात मतदारसंघ नाही, साखर कारखाना नाही, त्यालाच असे निर्देश काढणे परवडते. मंडळांची मुदत मात्र ३० एप्रिल २०२० रोजी संपली.