भुईचाफ्याची ओळ

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात भूकंप झाला. त्याने घरे पाडली. घरामागची परडी मात्र जागच्या जागी राहिली. हे विधान वरकरणी क्षुल्लक वाटेल. त्या भूकंपाचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो मृतांच्या आकड्यांत (पावणेदोनशेच्या आसपास), रिश्टर मापनाच्या अंशांत, आणि जलाशयाच्या भाराने भूकंप होऊ शकतो का या जगभर गाजलेल्या वादात. तो तसाच लिहिला जायला हवा होता, यात शंका नाही. परंतु पाटण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर हिंडताना आम्हांला वाटत आले आहे, की या खोऱ्याच्या गेल्या साठ वर्षांचा एक दस्तऐवज अजून कोणी उघडलेला नाही, आणि तो कागदावर नाही.

पाटणकडे घराच्या मागच्या मोकळ्या जागेला परडे म्हणतात. अंगण हे पाहुण्यांचे, बैठकीचे, मळणीचे; परडे हे घरच्यांचे, आणि त्यातही बायकांचे. न्हाणीचे पाणी जिथे वाहून जाई तिथे अळू आणि कर्दळ, त्यापलीकडे केळीचे बेट, कुडाला अडुळसा किंवा निरगुडी, कोपऱ्यात शेवगा, एखादा रायवळ आंबा, फणस. हे सारे सौंदर्यदृष्टीने योजलेले नसते. पाण्याचा थेंब फुकट जाऊ नये आणि कालवणाला काहीतरी हाताशी असावे, एवढाच हिशेब. पण हिशेब काटेकोर असल्यामुळेच परड्याची रचना टिकाऊ असते: न्हाणी पडून वीस वर्षे झाली तरी अळू तिची जागा दाखवीत उभा राहतो.

ही परडी ओस का पडली, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. १९६० च्या दशकाच्या आरंभी शिवसागर जलाशय भरू लागला आणि खोऱ्याच्या वरच्या अंगाची गावे परड्यांसकट पाण्याखाली गेली. तिथली माणसे सोलापूर, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांत पांगली. उरलेल्यांना भूकंपाने गाठले. दगड-मातीच्या जाड भिंतींचा धसका बसलेल्या लोकांनी जुन्या जोत्यापासून चार पावले सरकून हलक्या भिंतींची, पत्र्याची घरे उभारली. मुंबईची वाट तर त्याआधीपासून होतीच. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. ज्यांच्यासाठी १९६९ चा माथाडी कायदा झाला त्यांत या बाजूची घरेच्या घरे होती. गिरण्यांत गेलेले १९८२ च्या संपानंतरही बहुधा परतले नाहीत. घराला कुलूप, किल्ली शेजारी, आणि वर्षातून एकदा जत्रेला येणे, अशी रीत पडली. बंद घराचा पत्रा कोणीतरी बघतो. परडे कोणी बघत नाही.

पाटणजवळच्या एका वाडीत असेच बारा-तेरा वर्षे बंद असलेले एक परडे आम्ही काही मंडळींनी, घरमालकांच्या संमतीने, साफ करायला घेतले. हेतू साधा होता. मालकांना तिथे सिमेंटचे ठोकळे बसवून घ्यायचे होते आणि त्याआधी निदान तिथे काय आहे ते पाहावे, असे आमचे म्हणणे. मार्गशीर्षात कामाला हात घातला. वरचा थर गाजरगवताचा. ही वनस्पती १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आली आणि आयात गव्हाबरोबर ती आली असे सर्वत्र मानले जाते. ‘काँग्रेस गवत’ हे तिचे लोकनाम म्हणजे एका कालखंडावरचे उत्स्फूर्त राजकीय भाष्यच होय. त्याखाली घाणेरी. तीही अमेरिकेतलीच, परंतु इंग्रजी अमदानीत शोभेची आणि कुंपणाची म्हणून आणलेली. घाणेरी तोडताना हात सोलून निघतात हे ज्यांनी तोडली त्यांना सांगायला नको. ती निघाल्यावर चाफ्याचे एक वाकडे झाड मोकळे झाले, निष्पर्ण, आणि बाकी उरली ती उघडी, तपकिरी, निर्जीव दिसणारी माती.

इथे आम्ही कुदळी मागवल्या होत्या. शेजारच्या घरातल्या वयोवृद्ध बाई, ज्यांना सारी वाडी आत्याबाई म्हणते, कुडापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “कुदळ घालू नगासा. चैत बघा, मग ठरवा.” अधिक काही त्यांनी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हा सल्ला अपरिचित वाटू नये. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. विष्णु सीताराम सुखटणकरांनी त्या कामाला जी शिस्त लावली तिचा गाभा हाच होता, की पोथ्या बोलू लागण्याआधी संपादकाने बोलू नये. अर्थ लागत नाही म्हणून शब्द बदलायचा नाही. आधी सर्व साक्षी जमवायच्या. ओसाड परड्याला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो, कारण परड्याच्या साक्षी एकदम हजर होत नाहीत. काही चैत्रात येतात, काही मृगात, काही थेट भाद्रपदात. वर्षाचे एक पूर्ण आवर्तन पाहिल्याखेरीज तिथे काय आहे हे कळत नाही. हिवाळ्यात केलेली साफसफाई म्हणजे एकाच पोथीवरून केलेले संपादन.

चैत्रात त्या उघड्या मातीतून फुले आली. देठ नाही, पान नाही, जमिनीला टेकून नुसती फुले: पांढऱ्या पाकळ्या, मध्ये जांभळा ओठ, आणि वास असा की वाकल्यावाचून राहवत नाही. भुईचाफा. हळदीच्या कुळातली ही कंदवर्गीय वनस्पती हिवाळ्यात जमिनीवरून संपूर्ण नाहीशी होते, उन्हाच्या तोंडावर आधी फुलते आणि पावसाबरोबर मग पाने काढते. एक फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण नवी फुले कितीतरी दिवस येत राहतात. लिनेअसने १७५३ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले. आपल्याकडे भूमिचंपक हे नाव त्यापूर्वीचे. सुजेवर तिच्या कंदाचा लेप लावण्याची रीत जुनी आहे, आणि परड्यात तिला जागा मिळाली ती बहुधा त्या गुणामुळे.

फुले आल्याचा आनंद झालाच. परंतु आम्ही थबकलो ते त्यांच्या मांडणीपाशी. फुले विखुरलेली नव्हती. साधारण बावीस-तेवीस फूट लांबीची, जवळजवळ सरळ अशी एक ओळ होती, आणि ती आजच्या घराच्या भिंतीला समांतर नव्हती. तिरकी होती. पत्र्याच्या घराशी, न्हाणीशी, वाटेशी, कशाशीच तिचा मेळ बसेना. आत्याबाईंना बोलावले तेव्हा त्यांनी एका वाक्यात उलगडा केला: ही जुन्या घराची वळचण. म्हणजे १९६७ पूर्वीचे घर या अंगाला होते. त्याच्या मागल्या पाख्याचे पाणी जिथे पडे त्या रेघेत, सावलीला आणि ओलीला, कोणीतरी कंद लावले होते. भिंती पडल्या, दगड नव्या जोत्याला गेले, माती पसरली गेली. कंद डिसेंबरात जमिनीखाली झोपलेले असतात. त्या पहाटेही ते तसेच असणार.

कोणी लावले, याचेही उत्तर त्या वाडीत होते. घरमालकांच्या आजीने, माहेराहून येताना आणलेले. सातबाऱ्यावर त्या बाईंचे नाव नाही, घरपट्टीच्या कागदावर नाही, आणि भूकंपाच्या कोणत्या नोंदीत असेल तर ती आमच्या पाहण्यात नाही. त्या घराचा नकाशा कुणी काढला नव्हता. तो काढून ठेवला होता तो या ओळीने.

परड्यातल्या झाडांवर माणसाचा हक्क काय असतो, हे आपल्या राज्यकर्त्यांना एके काळी समजत होते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजावले आहे, आणि कारण दिले आहे ते महसुलाचे नव्हे: ही झाडे लोकांनी वर्षानुवर्षे लेकरासारखी वाढवलेली असतात. आज्ञापत्र आपण गद्यशैलीचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातला हा भाग परड्याच्या इतिहासाचे साधन म्हणूनही शिकवायला हरकत नसावी. कंदांना मात्र तेवढेही संरक्षण नाही. ती दिसतच नाहीत.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि निसर्गप्रेमी मंडळींत तो हल्ली फार जोरात विचारला जातो: देशी काय ठेवायचे आणि विदेशी काय काढायचे? आम्हांला हा प्रश्न भाषाशुद्धीच्या जुन्या वादासारखाच अर्धवट वाटतो. घाणेरी अमेरिकेतली म्हणून उपटायची, तर तिच्याशेजारचा तो वाकडा चाफाही अमेरिकेतलाच. देवळादेवळांतून तो इतका मुरला आहे की त्याला परका म्हणायची छाती कोणाची होणार नाही. झेंडू मेक्सिकोचा, निशिगंध तिथलाच, गुलबक्षीही अमेरिकेतलीच, नाव मात्र फारसी थाटाचे. हे सारे पोर्तुगीज आणि त्यांच्या मागून आलेल्यांच्या व्यापाराबरोबर आले. बटाटा आणि पगार हे शब्दही पोर्तुगिजांबरोबरच आले. पगार हा शब्द मराठीतून काढून टाकावा असे आज गंभीरपणे कोणी म्हणत नाही. निकष मूळ कोठले हा नसून वागणूक कशी हा असावा. घाणेरी आपल्या खाली दुसऱ्याला फारसे उगवू देत नाही, म्हणून ती काढायची. गुलबक्षी शेजाऱ्याशी जमवून घेते, ती राहावी. (गाजरगवताविषयी मतभेदाला जागा नाही.)

दुर्गाबाई भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ने मराठी वाचकाला महिन्यांच्या क्रमाने निसर्ग पाहायला शिकवले, हे ऋण मोठे आहे. पण आपल्या वाचनात चैत्र म्हटला की डोळे आपोआप वर जातात: पळस, पांगारा, काटेसावर, आंब्याचा मोहोर. पाटणच्या डोंगरांवर हे सारे आहे आणि एस. टी.च्या खिडकीतूनही ते दिसते. चैत्र जमिनीलगतही असतो, आणि तो पाहायला वाकावे लागते, याची नोंद आपल्या ललित लेखनात तुलनेने कमी आहे.

जत्रेला घरमालक सहकुटुंब आले तेव्हा ओळ अजून फुलत होती. त्यांनी मोजपट्टी आणवली आणि आत्याबाईंच्या सांगण्यावरून जुन्या घराचे चार कोपरे चुन्याने आखून घेतले. त्यांच्या मुलांना ते घर केवढे लहान होते याचे नवल वाटले. ठोकळे आता परड्याच्या पुढच्या अर्ध्या भागातच बसवायचे ठरले आहे. ज्येष्ठात पाने आली आणि ओळ हिरवी झाली. मृगानंतर न्हाणीच्या बाजूला गुलबक्षी उगवली, आणि तिच्या पलीकडे हळदीसारखी दिसणारी पाने, जी अजून फुललेली नाहीत. उत्तरेकडच्या बांधावर घाणेरी तशीच आहे. ती येत्या मार्गशीर्षात काढायची, कुदळ न लावता.