दोन डोळे आणि एक क्षण

आरोंद्याच्या काठावरून तेरेखोल खाडीचे छायाचित्र घेतले, तर अलीकडची होडी आणि पैलतीरावरचे किरणपाणी एकाच सपाट कागदावर चिकटल्यासारखी दिसतात. डोळ्यांना मात्र होडी पुढे आणि तीर मागे हे सहज कळते. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे ६५ मिलिमीटर अंतर असते. दोघांना किंचित वेगळे दृश्य दिसते आणि त्या फरकातून मेंदू खोली घडवतो.

चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे आरशांच्या उपकरणाने दाखवून दिले. छायाचित्रणाचा शोध जगापुढे यायला तेव्हा एक वर्ष अवकाश होता, त्यामुळे त्यांनी हाताने काढलेल्या रेखाकृतींवर भागवले. पुढे १८५१ च्या लंडन प्रदर्शनात ब्रूस्टर यांच्या भिंगांचा स्टिरिओस्कोप झळकला आणि जोडचित्रांची लाटच आली.

पण जोडचित्र घ्यायचे कसे? बहुतेकांजवळ कॅमेरा एकच. एक चित्र घ्यायचे, कॅमेरा पट्टीवर बाजूला सरकवायचा, मग दुसरे. देवळे, किल्ले, डोंगर यांना ही युक्ती चालली. मधल्या वेळात होडी हलली किंवा कोणी मान वळवली, की जोडी फसली. म्हणजे नेमके जे जिवंत, तेच निसटत होते.

लंडन स्टिरिओस्कोपिक कंपनी १८५४ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या भारतीय सदस्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. भाऊ दाजींचे जन्मगाव मांद्रे, म्हणजे आरोंद्याच्या पैलतीरावरच्या पेडणे महालातले! नारायण दाजी माणसांची चित्रे टिपत. अशा विषयापुढे सरकता कॅमेरा निरुपयोगीच. त्याला हवी होती एकाच क्षणी उघडणारी दोन भिंगे. मँचेस्टरच्या जॉन डान्सर यांनी १८५६ मध्ये पेटंट घेतलेल्या जोडभिंगी कॅमेऱ्यात ती होती.

घरगुती छंदिष्टाने आज दोन साधे डिजिटल कॅमेरे वायरने जोडले, तरी तो याच प्रश्नाशी झगडत असतो. काही कॅनन कॅमेऱ्यांत मेमरी कार्डावरून सीएचडीके ही आज्ञावली चालवतात. मग एकाच बटणाने दोन्हींच्या यूएसबी तारांना पाच व्होल्टचा इशारा देता येतो. इशारा एकाच वेळी पोहोचतो, पण कॅमेरे स्वतःच्या अंतर्गत घड्याळाने चालतात. म्हणून दोघांचा फोकस आधीच पक्का करावा लागतो. कॅमेरे एकाच जातीचे, एकाच झूमवर आणि एका पातळीत हवेत. वरखाली फरक राहिला, तर पाहणाऱ्याचे डोळे दुखतात.

अंतराचा जुना ठोकताळा असा: सर्वांत जवळची वस्तू जितकी दूर, त्याचा तिसावा भाग. होडी सहा मीटरवर असेल, तर कॅमेरे वीस सेंटिमीटर अंतरावर ठेवावे. एवढे साधले, की होडी पुढे येते आणि तीर मागे जातो. पाण्यावरची चमक तेवढी दोन्ही चित्रांत वेगळी पडते. ती दोन डोळ्यांनाही तशीच वेगळी दिसते.