भेटीस निघण्यापूर्वी

मराठी ग्रंथालयात कारावासावरील पुस्तकांचा एक खण हमखास असतो. आपल्या वाचनालयातही तो आहे आणि सभासदांच्या दोन-तीन पिढ्यांनी तो वाचून काढला आहे. परंतु ही पुस्तके बहुतेक आत असलेल्यांनी लिहिलेली. भेटीस आलेले माणूस त्यांत दिसते ते गजांपलीकडे उभे राहिल्यावर. तत्पूर्वी त्याने कोणाकडे अर्ज केला, बरोबर काय घेतले आणि काय सांगावयाचे नाही असे ठरविले, ह्याची नोंद क्वचितच सापडते. ती शोधणे हे इतिहासाचेच काम आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

इंदूरपुरते पाहावयाचे तर १९४२ पासून आरंभ करता येईल. त्या वर्षीच्या आंदोलनात होळकर राज्यातील प्रजामंडळाच्या कार्यकर्त्यांना मंडलेश्वरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. आपले सियागंज स्टेशनाला लागून. परंतु मंडलेश्वरला आगगाडी जात नाही. नर्मदेच्या उत्तर तीरावरील त्या गावी पोहोचावयाचे तर विंध्याचा घाट उतरून निमाडात जावे लागे. सियागंज ही किराण्याची घाऊक पेठ असल्याने वाटेचा टिकाऊ शिधा येथील घरांना जवळच मिळावा. पण तुरुंगाच्या दारात शिध्यापेक्षा परवानगीचा कागद मोलाचा. २ ऑक्टोबर १९४२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, कैद्यांनी तुरुंगाचा दरवाजा तोडला आणि बाहेर येऊन सभा घेतली. हा प्रसंग आपण अभिमानाने सांगतो. ज्या घरचे माणूस आत होते, त्या घराने ही बातमी ऐकून पुढच्या भेटीची तयारी कोणत्या मनाने केली असेल, हे मात्र कोणी विचारीत नाही.

अशा तयारीचे स्वरूप अधिक स्पष्टपणे दिसते ते सावरकर कुटुंबाच्या हकीकतीत. १९०६ साली विनायकराव विलायतेस गेले. ते तेथे असतानाच त्यांचा लहानगा मुलगा प्रभाकर वारला. पुढे १९११ मध्ये, पन्नास वर्षांची शिक्षा झाल्यावर, डोंगरीच्या तुरुंगात पत्नी यमुनाबाई, म्हणजे माई, त्यांना भेटल्या. पाच वर्षांनी पती दिसणार तो कैद्याच्या वेषात, बेड्यांसह. मध्यंतरी मूल गेलेले. आणि बोलावयाचे ते पहारेकऱ्याच्या देखत. अशा भेटीस निघताना शिदोरी बांधणे त्यातल्या त्यात सोपे. कोणत्या विषयाला हात घालावयाचा नाही हे आधी मनाशी ठरविणे, हीच खरी तयारी.

थोरले बंधू बाबाराव १९०९ सालीच जन्मठेपेवर गेले होते. त्या वेळी विनायकरावांनी लंडनहून वहिनींना उद्देशून लिहिलेली ‘सांत्वन’ ही कविता सर्वांच्या परिचयाची आहे. त्या वहिनींचे, येसूवहिनींचे, पुढे काय झाले हे तितकेसे ठाऊक नसते. त्यांनी नाशिकला आत्मनिष्ठ युवती संघ चालविला आणि दहा वर्षे पतीच्या भेटीची वाट पाहिली. अंदमान काही जवळ नव्हे. मद्रासपासून सुमारे १,२०० किलोमीटरचा समुद्र, आगबोटीचे वेळापत्रक, आणि त्याआधी सरकारची मर्जी. पत्रही वर्षाकाठी एकच. अखेर भेटीची परवानगी आली ती येसूवहिनींच्या निधनानंतर. १९१९ मध्ये धाकटे बंधू नारायणराव आणि माई अंदमानात गेले. जिने सर्वांत अधिक तयारी केली होती, तिच्यावाचून गेले. त्यांच्या सामानात काय होते हे सांगता येत नाही. एका माणसाचे नसणे मात्र त्यांना बरोबर न्यावे लागले.

लोकमान्यांच्या घरीही अशीच एक भेट राहून गेली. टिळक मंडालेस १९०८ ते १९१४ होते. भाचे धोंडोपंत विद्वांस ह्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. घरचा कारभार आणि ग्रंथ ह्यांची बोलणी त्यात होत. सत्यभामाबाई १९१२ साली गेल्या. पतिपत्नींची पुन्हा भेट झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर हा विषय संपला असे मानण्याचे कारण नाही. जुलै १९७५ मध्ये मधु लिमये ह्यांना ‘मिसा’खाली स्थानबद्ध करून मध्यप्रदेशातील निरनिराळ्या तुरुंगांत ठेवण्यात आले, नरसिंहगड हा त्यांपैकी एक. पत्नी चंपाताई आणि मुलगा अनिरुद्ध बाहेर होते. आणीबाणीत कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे स्थानबद्धतेची कारणे सांगण्याचे बंधन सरकारवर उरले नव्हते. इंग्रजी अमलाने सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल तरी कोरले होते, १९६०. कितीही क्रूर असला तरी तो एक आकडा होता. त्यावरून दिवस मोजता येत. फेब्रुवारी १९७७ मध्ये लिमये सुटले, तोवर त्यांच्या घरच्यांपाशी मोजावयास अशी तारीखच नव्हती.