वॉरन काउंटीतील विषारी माती आणि पर्यावरणीय वर्णभेद : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

प्रदूषण माणसाचा रंग पाहत नाही, असे गृहीत धरून विसाव्या शतकातील पर्यावरणविषयक पुष्कळसे लेखन झाले. धूर रंग पाहत नसेलही. परंतु धुराडे कोठे उभारावयाचे हे ठरविणारे तो पाहतात काय, हा प्रश्न अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने उपस्थित केला. प्रस्तुत लेखात उत्तर कॅरोलिना राज्यातील वॉरन काउंटी येथील १९८२ च्या आंदोलनाच्या आधारे या प्रश्नाचा, विशेषतः त्यातील 'हेतू' विरुद्ध 'परिणाम' या वादाचा विचार केला आहे.

रस्त्याकडेचे तेल :

पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजेच पीसीबी, हे रसायन ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरले जात असे. ते सहजासहजी विघटित होत नाही आणि सजीवांच्या चरबीत साठत जाते. सत्तरच्या दशकात त्यावर निर्बंध आले, तसा त्याच्या विल्हेवाटीचा खर्चही वाढला. हा खर्च वाचविण्यासाठी १९७८ च्या उन्हाळ्यात रॅले येथील वॉर्ड ट्रान्सफॉर्मर कंपनीचे सुमारे ३१ हजार गॅलन पीसीबीयुक्त तेल टँकरमधून १४ काउंट्यांतील रस्त्यांच्या कडेला, दोनशेहून अधिक मैल, ओतून देण्यात आले. संबंधितांवर खटले चालून शिक्षा झाल्या. मात्र दूषित माती उरली आणि ती कोठे तरी पुरणे भाग होते.

राज्य सरकारने त्यासाठी वॉरन काउंटीतील ॲफ्टन हे ठिकाण निवडले. ही निवड तांत्रिक निकषांवर झाल्याचे शासनाने सांगितले. तथापि, पीसीबीच्या भरावाचा तळ भूजलापासून ५० फूट उंच असावा असा केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचा नियम होता. ॲफ्टन येथे पाणी जमिनीखाली अवघ्या काही फुटांवर होते आणि लोक विहिरींचे पाणी पीत होते. संस्थेने या नियमातून सूट दिली. जो निकष सूट देऊन बाजूला सारता येतो, त्याला निवडीचे कारण म्हणणे कठीण आहे. उरते ते एवढेच, की काउंटीतील सुमारे ६० टक्के लोक कृष्णवर्णीय होते आणि राज्यातील अत्यंत गरीब काउंट्यांत तिची गणना होत असे. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला ही तर्कपद्धती समजावून सांगावी लागणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. नागरी हक्क चळवळीतील नेते फ्लॉइड मॅकिसिक यांनी कृष्णवर्णीयांच्या पुढाकाराने वसविलेले 'सोल सिटी' हे नियोजित नगर याच काउंटीत होते. १९७९ मध्ये केंद्र सरकारने त्याचे पाठबळ काढून घेतले. ज्या काउंटीत नगर उभे राहू शकले नाही, तेथे विषारी मातीला मात्र जागा मिळाली.

आंदोलन :

न्यायालयीन प्रयत्न असफल ठरल्यावर १५ सप्टेंबर १९८२ रोजी मातीचे ट्रक येऊ लागले. कोली स्प्रिंग्स बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमून लोक भरावाच्या जागेकडे पायी निघत आणि ट्रकपुढे रस्त्यावर आडवे होत. सुमारे सहा आठवडे हे चालले व पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. संघटन करणाऱ्यांत डॉली बरवेल ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती होती, तसेच केन फेरुचिओ हा श्वेतवर्णीय रहिवासीही होता. त्यामुळे याला निव्वळ एका वंशाचे आंदोलन म्हणणे अपुरे ठरते. ट्रक थांबले नाहीत. भराव पूर्ण झाला.

पराभवातून जे निष्पन्न झाले ते वेगळ्या स्वरूपाचे होते. अटक झालेल्यांत अमेरिकन काँग्रेसमधील प्रतिनिधी वॉल्टर फॉन्ट्रॉय होते. त्यांच्या मागणीवरून केंद्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने आग्नेयेकडील आठ राज्यांची पाहणी केली. १९८३ च्या या अहवालानुसार तेथील घातक कचऱ्याच्या चार मोठ्या भरावांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत होते. १९८७ मध्ये युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या संस्थेच्या आयोगाने देशभराचा अभ्यास करून, अशा जागांचे स्थान उत्पन्नापेक्षाही वंशाशी अधिक निगडित असल्याचे दाखविले.

हेतू की परिणाम? :

जमीन स्वस्त म्हणून कचरा गरिबांकडे जातो, त्यात वंशाचा संबंध नाही, असा आक्षेप वारंवार घेतला जातो. ह्यूस्टन शहरातील नॉर्थवुड मॅनर ही वस्ती त्याचे उत्तर आहे. तेथील रहिवासी बहुसंख्य कृष्णवर्णीय, परंतु मध्यमवर्गीय आणि स्वतःच्या घरांचे मालक होते. तरीही कचराभूमी त्यांच्याच शेजारी आली. १९७९ च्या 'बीन' खटल्यात लिंडा मॅकीव्हर बुलर्ड यांनी त्यांची बाजू मांडली. त्यांचे पती, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलर्ड यांनी यासाठी केलेल्या पाहणीत शहराच्या मालकीच्या पाचही कचराभूमी कृष्णवर्णीय वस्त्यांत आढळल्या, जेव्हा शहरात त्या समाजाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होते. न्यायाधीश गॅब्रिएल मॅकडोनाल्ड स्वतः कृष्णवर्णीय होत्या. परवाना देण्याचा निर्णय असंवेदनशील असल्याचे त्यांनी मान्य केले, पण भेदभावाचा हेतू सिद्ध न झाल्याने मनाई हुकूम नाकारला.

हाच खरा पेच आहे. विहिरीतील पाणी परिणाम दाखविते, न्यायालय हेतू मागते. आणि कोणतेही कार्यालय असा हेतू कागदावर लिहून ठेवत नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या १२८९८ क्रमांकाच्या आदेशाने केंद्रीय खात्यांना परिणामांचा विचार करावयास सांगितले. परंतु २००१ च्या 'सँडोव्हल' निकालाने केवळ विषम परिणामाच्या आधारे नागरी हक्क कायद्याखाली व्यक्तींना दावा करण्याचा मार्ग बंद केला आणि जानेवारी २०२५ मध्ये क्लिंटन यांचा आदेशही रद्द झाला.

ॲफ्टनच्या भरावात १९९३ मध्ये लक्षावधी गॅलन पाणी साचल्याचे उघड झाले. तंत्रज्ञान उपलब्ध होताच जागा निर्विष करू, असे वचन गव्हर्नर जेम्स हंट यांनी दिले होते. रहिवाशांनी ते विसरू दिले नाही. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चून ते काम पूर्ण झाले, ते २००३ च्या अखेरीस.