शुष्क प्रदेशातील वृक्ष व सूक्ष्मपोषक द्रव्ये

वनस्पतींना नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम इ. मूलद्रव्ये बऱ्याच मोठ्या प्रमाणात लागतात. याउलट लोह, मँगॅनीज, जस्त, तांबे, बोरॉन, मॉलिब्डेनम, क्लोरीन व निकेल ही मूलद्रव्ये अत्यल्प प्रमाणात पुरतात. परंतु त्यांपैकी एकाचाही अभाव झाल्यास वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात किंवा शेंडे मरतात. या मूलद्रव्यांना सूक्ष्मपोषक द्रव्ये म्हणतात. कमी पावसाच्या प्रदेशातील वृक्षांना ती कशी मिळतात, हा प्रश्न वनविज्ञानात बऱ्याच उशिरा विचारला गेला. पुष्कळदा ती जमिनीत असतात, पण मुळांच्या हाती लागत नाहीत. हा भेद ध्यानात येण्यास सुमारे शंभर वर्षे लागली.

फ्रान्समध्ये ओझेब ग्री यांनी १८४४ च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या पानांना लोहाच्या लवणाचा विद्राव लावून ती हिरवी करून दाखविली. त्यामुळे झाड पिवळे पडले की लोह द्यावे, असा समज दृढ झाला. हा समज पुढे एका चमत्कारिक रीतीने मागे पडला. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील कोरड्या हवामानाच्या फळबागांत पाने बारीक राहून झुपक्यांनी येण्याचा विकार होता. १९३० नंतरच्या काही वर्षांत तेथे जमिनीत भरपूर फेरस सल्फेट मिसळल्यावर काही झाडे सुधारली, मात्र शुद्ध लवणाचा उपयोग होईना. बाजारी लवणात भेसळ म्हणून असलेले जस्त हेच खरे औषध होते. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, पीकॅन वृक्षांवर प्रयोग करणाऱ्या अमेरिकी संशोधकांना तोच अनुभव आला. लोहाचा विद्राव जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी भांड्यात ठेवला असेल तरच झाड बरे होई. भांड्याने जे शिकविले ते पृथक्करणाला आधी दिसले नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

फळबागांतील हे ज्ञान वनांत प्रथम वापरले गेले ते ऑस्ट्रेलियात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वालुकामय जमिनीत लावलेले परदेशी पाइन वृक्ष नीट वाढत नव्हते. तेथील वनखात्याचे एस. एल. केसेल व टी. एन. स्टोट यांनी १९३० नंतरच्या दशकात आधी फॉस्फेटाची व नंतर जस्ताची उणीव ओळखली. जस्त सल्फेटाच्या फवाऱ्याने रोगट पाइन सुधारले. त्याच वाळूत बँक्सियासारखे देशी वृक्ष मात्र कोणत्याही फवाऱ्याविना उभे होते, याचा विचार नंतर झाला. १९६० मध्ये हेलन पर्नेल यांनी या कुलातील वृक्षांच्या दाट झुपकेदार मुळांचे वर्णन करून त्यांना नाव दिले. या मुळांतून सायट्रेटासारखी कार्बनी अम्ले पाझरतात. त्यांच्या योगाने जमिनीत जखडलेले फॉस्फेट सुटते व त्याबरोबर मँगॅनीजही विरघळते. बाहेरून आणलेल्या झाडाला जे हाताने द्यावे लागते, ते देशी झाड आपल्या मुळांनी मिळविते.

पूर्व व मध्य आफ्रिकेतील लागवडींनी यात आणखी एका गोष्टीची भर घातली. टांगानिकात पाइन व उत्तर ऱ्होडेशियात निलगिरी यांचे शेंडे कोरड्या ऋतूत मरत. पावसाळ्यात झाड खालून फुटे, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मरे आणि अखेर झुडपासारखे होई. हा बोरॉनाच्या उणिवेचा परिणाम असल्याचे १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिद्ध झाले. बोरॉन मुळांकडे पाण्याबरोबर वाहत येते. वरचा थर सुकला की त्याचा पुरवठा तुटतो. अशा प्रकारे पाण्याचा दुष्काळ व अन्नाचा दुष्काळ ही दोन वेगळी दुखणी नसल्याचे दिसून आले.

शुष्क जमिनींत चुन्याचे प्रमाण पुष्कळदा जास्त असते व त्या अल्कधर्मी असतात. अशा जमिनीत पीएच मूल्य एका एककाने वाढले की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने व जस्ताची सुमारे शंभरपटीने घटते. लोह मातीत भरपूर असूनही झाड उपाशी राहते ते यामुळे. मातीच्या कणांभोवतीचा पाण्याचा पापुद्रा पातळ झाला की जस्ताचे विसरणही मंदावते. मुळांशी सहजीवन करणारी कवके या अंतराचा काही भाग भरून काढतात. १९८७ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड्स व कॉल्डवेल यांनी एका रुक्ष प्रदेशीय झुडपाची मुळे रात्री खोल थरातील पाणी वर आणून कोरड्या थरात सोडतात, असे दाखविले. पुढे अनेक वृक्षांतही हे आढळले. वरच्या थरातील पोषक द्रव्ये घेण्यास या ओलाव्याची मदत होत असावी.

भारतात या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे थरच्या वाळवंटातील खेजडी. हाच महाराष्ट्रातील शमी किंवा सौंदड वृक्ष होय. जोधपूर येथे १९५२ मध्ये वाळवंटी वनरोपण केंद्र स्थापन झाले. युनेस्कोचे सल्लागार व ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ सी. एस. ख्रिश्चन यांच्या सल्ल्यानुसार त्याचे १९५९ मध्ये केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. शेतातील खेजडीखाली बाजरी जोमदार येते, हे मारवाडचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणून होता. संस्थेच्या मृदाशास्त्रज्ञांनी १९७०–८० या दशकात त्याची मोजणी केली. झाडाखालील मातीत जैव पदार्थ व नायट्रोजन यांबरोबरच उपलब्ध जस्त, लोह, मँगॅनीज व तांबे ही उघड्या शेतापेक्षा जास्त आढळली. जमिनीतील एकूण साठा न मोजता मुळांना मिळण्याजोगा अंश मोजण्याची लिंडसे व नॉर्व्हेल यांची पद्धत याच काळात रूढ झाली. चुनखडीयुक्त मातीच्या अभ्यासास तिचा मोठा उपयोग झाला.

ही वाढ कशी होते याविषयी एकच कारण देता येत नाही. खेजडीचे मूळ अतिशय खोल जाते. तेथील द्रव्ये पानांत येतात व पाने गळून वरच्या थरात मिसळतात. पण वाऱ्याने येणारी धूळ झाडापाशी अडते, सावलीत गुरे बसतात व त्यांचे शेण तेथेच पडते, हेही विसरता येत नाही. शिवाय खेजडीची पाने सर्वस्वी मातीत जात नाहीत. हिवाळ्यात डहाळ्या छाटून ‘लूंग’ हा पाला गुरांना घालतात व शेंगांची ‘सांगरी’ माणसे खातात. त्यामुळे झाडाने वर आणलेले जस्त बऱ्याच अंशी गोठ्यातून शेणखताच्या रूपाने शेतात परत जाते. हे खत शेताऐवजी चुलीत गेले तर चक्र तेथेच तुटते. विलायती बाभूळ किंवा वेडी बाभूळ परंपरेने खेजडीच्याच प्रजातीत गणली जात असे. तिच्याखालीही माती सुधारते, परंतु तिच्या सान्निध्यात पीक नीट येत नाही. म्हणून केवळ मातीच्या पृथक्करणावरून झाडाची योग्यता ठरविणे बरोबर नाही.

भारतात सूक्ष्मपोषक द्रव्यांचा समन्वित अभ्यास १९६७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सुरू केला. त्याचा भर प्रामुख्याने पिकांवर राहिला व वने बाजूस पडली. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत जस्त व लोह यांची उणीव सर्वपरिचित आहे आणि तेथे जस्त सल्फेट घालण्याची शिफारसही केली जाते. त्याच जमिनींच्या बांधावरील सौंदडीची मोजणी मात्र थोडी झाली.

खेजडीच्या रक्षणाचा इतिहास मृदाशास्त्राहून जुना आहे. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी ही झाडे वाचविताना अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. १९८३ मध्ये खेजडी राजस्थानचा राज्यवृक्ष झाली. त्यानंतरच्या काळात खोल गेलेले भूजल, ट्रॅक्टरच्या नांगरटीने तुटणारी मुळे, मूळ पोखरणारे भुंगेरे व कवकजन्य मूळकूज यांमुळे अनेक जिल्ह्यांत झाडे वाळली. बीकानेर भागात सौर विद्युत् प्रकल्पांसाठी होणाऱ्या तोडीविरुद्ध २०२४ पासून आंदोलने झाली. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात रोप लावण्याची अट घातली जाते. पण रोपाचे मूळ खोल थरापर्यंत पोहोचून त्याचा पाला गोठ्यात येईपर्यंत अनेक वर्षे जातात आणि तेवढा काळ त्या शेताला जस्त पिशवीतून विकत आणावे लागते.